परदेशातल्या सुट्टीच्या घराचा विमा: पॉलिसी निवडण्यापासून दावा करण्यापर्यंत

परदेशात सुट्टीसाठी घेतलेले घर वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद असते, आणि विमा कंपनी त्या घराकडे मुख्यतः याच नजरेने पाहते. राहत्या घरात नळाची जोडणी सुटली तर तासाभरात कोणाच्या तरी लक्षात येते. बंद घरात तीच जोडणी सुटली तर खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येईपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणूनच राहत्या घराची पॉलिसी या दुसऱ्या घराला पुरत नाही. ती पॉलिसी तिच्यात नमूद केलेल्या पत्त्यापुरतीच असते, आणि प्रवास विमा सामान, आजारपण व रद्द झालेली तिकिटे यांची भरपाई देतो, भिंतींची आणि छपराची देत नाही. परदेशातल्या घरासाठी, ते सुट्टीचे किंवा दुसरे घर आहे असा स्पष्ट उल्लेख असलेली स्वतंत्र पॉलिसीच घ्यावी लागते.

अशा घरांचे दावे अडतात तेव्हा वाद सहसा आग लागली होती की नाही, पाणी शिरले होते की नाही यावर नसतो. घर प्रत्यक्षात ज्या पद्धतीने वापरले जाते आणि पॉलिसीत ज्या पद्धतीने वापरले जाते असे लिहिलेले आहे, त्या दोहोंतल्या अंतरावर तो असतो. ते अंतर सुरुवातीलाच राहू न देणे, हे पॉलिसी घेणाऱ्याचे खरे काम आहे; हप्ता चार पैशांनी कमी करून घेणे हे त्यानंतरचे.

विमा कोणत्या देशातून घ्यावा

मालक कोठेही राहत असो, घर ज्या देशात उभे आहे त्या देशाचा विमा कायदा त्याला लागू होतो. अनेक देशांत तेथील परवाना नसलेल्या कंपनीने तेथील स्थावर मालमत्तेचा विमा उतरवणे कायद्याला मान्य नाही. अशी पॉलिसी कागदावर कितीही आकर्षक दिसली तरी दाव्याच्या वेळी पैसे त्या देशात पोहोचवणे, सर्व्हेअर नेमणे आणि वाद झाला तर तेथील न्यायालयात उभे राहणे या तिन्ही ठिकाणी ती लंगडी पडते. युरोपीय संघात एका सदस्य देशातली कंपनी दुसऱ्या सदस्य देशातल्या घराचा विमा उतरवू शकते. ब्रिटिश कंपन्यांना असलेली ही मुभा मात्र ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली, आणि त्यामुळे स्पेन किंवा फ्रान्समध्ये घर असलेल्या अनेक ब्रिटिश मालकांना आपली पॉलिसी अजून वैध आहे की नाही हे नव्याने तपासावे लागले. कंपनीचे नाव त्या देशाच्या विमा नियामकाच्या जाहीर नोंदवहीत आहे की नाही हे पाहणे, ही कोणत्याही पॉलिसीची पहिली तपासणी असावी. फ्रान्समध्ये ही नोंदवही एसीपीआर या संस्थेकडे असते, स्पेनमध्ये डीजीएसएफपीकडे.

व्यवहारात दोन मार्ग उरतात. एक म्हणजे स्थानिक कंपनीची स्थानिक भाषेतली पॉलिसी, आणि दुसरा म्हणजे परदेशातल्या घरांचाच विमा उतरवणाऱ्या एखाद्या खास कंपनीची आपल्या भाषेतली पॉलिसी, अर्थात त्या देशाचा कायदा तिला परवानगी देत असेल तर. दुसऱ्या मार्गाचे आकर्षण उघड आहे, कारण अटी वाचता येतात आणि फोनवर बोलता येते. तरीही माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे. स्थानिक कंपनीला तेथील बांधकामाची पद्धत आणि दर माहीत असतात, तिचा सर्व्हेअर दोन दिवसांत दारात उभा राहू शकतो, आणि तेथील कायद्याने सक्तीची केलेली संरक्षणे तिच्या पॉलिसीत आपोआप येतात. भाषेची अडचण दोन्ही भाषा जाणणारा नोंदणीकृत ब्रोकर दूर करू शकतो. मात्र ब्रोकरने तोंडी सांगितलेला सारांश आणि पॉलिसीचा मजकूर यांत फरक निघाला तर मजकूरच ग्राह्य धरला जातो, म्हणून अपवादांच्या पानांचे तरी भाषांतर करून घ्यावे. पूर्ण पॉलिसी वाचण्याचा कंटाळा येणार असेल तर निदान ही पाने आधी वाचावीत आणि संरक्षणांची यादी नंतर.

घर किती दिवस बंद राहते

प्रस्ताव अर्जातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घराच्या वापराचा असतो: मुख्य निवास, दुसरे घर, भाड्याने दिलेले घर की रिकामे घर. हे चार वेगवेगळे धोके आहेत आणि प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो. हप्ता कमी येतो म्हणून दुसऱ्या घराला मुख्य निवास म्हणणे हा उघड आत्मघात आहे, कारण दावा आला की कंपनी वीजबिले आणि पाणीबिले मागवते, आणि महिनोन्‌महिने जवळजवळ शून्य वापर दाखवणारे मीटर खोटे बोलत नाही.

यानंतर पॉलिसीतली सलग रिकामेपणाची मर्यादा शोधावी. ती ३० दिवस असू शकते, ६० किंवा ९० असू शकते, आणि काही सुट्टीच्या घरांच्या पॉलिसींत पूर्ण मोसमभर घर बंद ठेवण्याची मुभाही असते. मर्यादा ओलांडली म्हणजे सगळी पॉलिसी रद्द होते असे नाही; बहुधा चोरी, नासधूस आणि पाइपमधून होणारी पाणीगळती ही तीन संरक्षणे गळतात किंवा त्यांची भरपाई कमी होते. बंद घराला धोका याच तिघांचा सर्वाधिक असल्यामुळे उरलेल्या पॉलिसीने फारसे समाधान मिळत नाही. 'रिकामे' कशाला म्हणायचे हेही तपासावे. काही पॉलिसींत कोणी रात्री मुक्काम केला तरच घर वापरात धरले जाते, तर काहींत नेमलेल्या माणसाने ठरावीक अंतराने आतून पाहणी केली तरी पुरते. पाहणीची अट असेल तर तिची नोंद ठेवावी लागते, आणि ती नोंद तारखेसह असावी: पाहणी करणाऱ्याने दर भेटीत पाण्याच्या मीटरचा फोटो काढून पाठवला तर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा या तिन्ही गोष्टी एका फटक्यात जमतात. सलग दोन भेटींत आकडा तोच असेल तर मधल्या काळात गळती नव्हती हेही त्यातूनच सिद्ध होते.

पाण्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण बंद घराचे नुकसान करण्यात त्याचा हात धरणारे दुसरे काही नाही. बेसिनखालच्या कोपऱ्यातल्या झडपेपासून नळापर्यंत जाणारी, वरून स्टीलच्या तारांनी विणलेली आणि आत रबराची असलेली लवचिक नळी हा घरातला सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. रबर वर्षानुवर्षांच्या दाबाने कडक होते, विणीची एखादी तार गंजून तुटते, तेथे रबराचा फुगा बाहेर येतो आणि एके दिवशी तो फुटतो. नळ बंद असला तरी या नळीत पूर्ण दाबाचे पाणी असते, त्यामुळे घरात कोणी नसताना मुख्य झडप उघडी असेल तर पाणी थांबवणारे काहीच नसते. घर सोडताना मुख्य झडप बंद करणे ही बऱ्याच पॉलिसींत लेखी अट असते, आणि ती अट नसली तरी सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तोच असतो. निघताना बंद झडपेचा एक फोटो काढून ठेवल्याने त्या प्रश्नाचे उत्तर तयार राहते.

थंड प्रदेशातल्या घरांना दुसरी अट लागू होते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्या दाबाने पाइपला किंवा जोडाला तडा जातो. पण गळती दिसते ती बर्फ वितळल्यावर, म्हणजे बहुधा थंडी ओसरल्यानंतरच्या पहिल्या उबदार दिवशी. म्हणून अशा ठिकाणच्या पॉलिसी हिवाळ्याच्या महिन्यांत दोनपैकी एक गोष्ट मागतात: पाण्याची आणि हीटिंगची व्यवस्था पूर्ण रिकामी करणे, किंवा घराचे तापमान पॉलिसीत लिहिलेल्या अंशांखाली जाऊ न देणे. दुसरा पर्याय निवडला तर वीजपुरवठा खंडित झाल्यास किंवा इंधन संपल्यास काय, याचा विचार आधीच करावा, कारण हीटर लावून ठेवला होता एवढे म्हणणे पुरत नाही.

चोरीच्या अटी तितक्याच काटेकोर असतात. कुलपाचा प्रकार, खिडक्यांची शटर किंवा गज, अलार्म, यांपैकी जे अर्जात लिहिले ते घरात असलेच पाहिजे आणि घर बंद असताना चालू असले पाहिजे. अर्जात अलार्म लिहून हप्त्यात सवलत घ्यायची आणि बॅटरी संपल्यावर तो वर्षभर तसाच ठेवायचा, यापेक्षा अलार्म न लिहिलेला बरा. पुष्कळ पॉलिसी जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा मागतात. त्यामुळे किल्ली कोणाकोणाकडे आहे याची यादी छोटी ठेवावी आणि पायपुसण्याखाली किल्ली ठेवण्याची सवय सोडावी. दागिने, रोकड आणि महागड्या कलावस्तू बंद घरात ठेवूच नयेत, कारण दुसऱ्या घराच्या पॉलिसीत त्या सहसा वगळलेल्या असतात.

पाहुणे आणि भाडेकरू

घर मोसमात काही आठवडे भाड्याने देण्याचा विचार असेल तर तो पॉलिसी घेतानाच सांगावा. पैसे घेऊन राहणारा पाहुणा हा विमा कंपनीच्या लेखी मित्र किंवा नातेवाईक नसतो. त्याने केलेले नुकसान, त्याच्या मुक्कामात झालेली चोरी आणि त्याला झालेली इजा यांसाठी वेगळे कलम लागते. भाड्याने घर देण्याच्या ऑनलाइन मंचांकडून यजमानांना जी नुकसानभरपाईची हमी मिळते, ती त्या मंचावरून झालेल्या आरक्षणापुरती आणि त्या मंचाच्या अटींनुसार असते. ती घराच्या पॉलिसीची जागा घेऊ शकत नाही. अल्पकालीन भाड्यासाठी स्थानिक नोंदणी किंवा परवाना आवश्यक असलेल्या ठिकाणी तो नसताना घर दिले, तर दाव्याच्या वेळी कंपनीच्या हातात आयते कारण जाते.

दायित्व विमा, म्हणजे आपल्या घरामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई, हा भाग लोक सर्वांत कमी वाचतात आणि रक्कम मात्र येथेच सर्वांत मोठी होऊ शकते. कोसळलेला सज्जा, निसटलेले कौल, खालच्या मजल्यावर गेलेले पाणी, आणि पोहण्याचा तलाव. तलाव असेल तर त्याचा उल्लेख पॉलिसीत हवा आणि त्या देशाचे सुरक्षेचे नियम पाळलेले हवेत. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा बंदिस्त छत यांपैकी एक व्यवस्था बंधनकारक केली आहे. मालक हजारो किलोमीटर दूर असला तरी हे दायित्व त्याचेच राहते.

विमा रक्कम कशी ठरवावी

विमा रक्कम म्हणजे घराची बाजारातली किंमत नव्हे. समुद्रकाठच्या छोट्या घराच्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा आणि देखाव्याचा असतो, आणि ते दोन्ही आगीत जळत नाहीत. उलट दुर्गम डोंगरातले जुने दगडी घर स्वस्तात मिळालेले असते, पण ते तसेच पुन्हा बांधायचे तर दगड, लाकूड आणि ते काम येणारे कारागीर यांचा खर्च खरेदीच्या किमतीच्या पुढे जातो. रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चावरून ठरवावी, आणि त्या खर्चात मलबा हटवणे, वास्तुविशारदाचे शुल्क, परवानग्या आणि नव्या बांधकाम नियमांमुळे वाढणारे काम हे सगळे धरावे. स्थानिक दर प्रति चौरस मीटर ठरलेले असतात. एखाद्या स्थानिक मूल्यांकनकाराकडून एकदा लेखी अंदाज घेणे परवडते.

रक्कम कमी लावल्याचा फटका केवळ घर पूर्ण नष्ट झाल्यावर बसतो असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. पुनर्बांधणीचा खर्च ४ लाख युरो असताना विमा ३ लाखांचा घेतला, आणि स्वयंपाकघरातल्या आगीत ८० हजारांचे नुकसान झाले, तर प्रमाणाचा नियम लावून कंपनी तीन चतुर्थांश, म्हणजे ६० हजार देते. उरलेले २० हजार विमा रकमेच्या मर्यादेत असूनही मालकाच्या खिशातून जातात. हा नियम स्पेनच्या विमा करार कायद्यात आहे आणि इतरत्रही पॉलिसींच्या अटींत सर्रास असतो. पॉलिसी स्थानिक चलनात घ्यावी, कारण बांधकामाची बिले त्याच चलनात येणार. आणि रक्कम बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेली नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी ती स्वतः तपासावी.

मोजमापाची एक अडचण विशेष करून जुन्या घरांत निघते. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय बांधलेली खोली, झाकून घेतलेली गच्ची किंवा गोदामाचे केलेले शयनगृह सरकारी नोंदीत नसते. अर्जात नोंदीतले क्षेत्रफळ लिहिले तर प्रत्यक्षातले घर मोठे निघते, आणि प्रत्यक्षातले लिहिले तर बेकायदा बांधकामाचा प्रश्न उभा राहतो. शक्य असल्यास बांधकाम नियमित करून घ्यावे. तोवर ते कंपनीला लेखी कळवून त्या भागाला संरक्षण आहे की नाही याचे लेखी उत्तर घ्यावे.

सामानाचा विमा वेगळा असतो आणि त्यासाठी खोलीवार यादी, फोटो व मोठ्या वस्तूंची बिले पुरतात. ही यादी त्या घरातल्या कपाटात न ठेवता दुसरीकडे ठेवावी.

सदनिका असेल तर

इमारतीतल्या सदनिकेला आधीपासून एक विमा असतो, तो म्हणजे मालकांच्या संघाने घेतलेला सामायिक विमा, आणि त्याचा हप्ता देखभाल खर्चातून जातो. त्याची प्रत मागून घ्यावी आणि तो कोठे संपतो हे पाहावे. काही सामायिक पॉलिसी केवळ सांगाडा, छप्पर, जिने आणि लिफ्ट धरतात; काहींत सदनिकेतल्या भिंती, फरशी आणि मूळ बांधकामासोबतची जडणघडणही येते. आपली पॉलिसी तेथून पुढे सुरू झाली पाहिजे, म्हणजे मधे फट राहत नाही आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसेही जात नाहीत. पोर्तुगालमध्ये सामायिक मालकीच्या इमारतीला आगीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्यापासून अशा इमारतीतल्या प्रत्येक सहमालकाला निदान दायित्व विमा तरी घ्यावाच लागतो, मग तो तेथे राहत असो वा नसो. इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च सामायिक विम्यापेक्षा जास्त झाला तर उरलेली रक्कम सर्व मालकांवर वाटली जाते. या वर्गणीची भरपाई देणारे कलम मिळत असेल तर ते जरूर घ्यावे.

भूकंप, पूर आणि वादळ

या भागात एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशात कामी येत नाही, कारण प्रत्येक देशाने आपापल्या आपत्तीतून आपापली व्यवस्था उभी केली आहे. स्पेनमध्ये पूर, भूकंप, ज्वालामुखी आणि ताशी १२० किलोमीटरपेक्षा जोरदार वाऱ्याचे वादळ यांची भरपाई कोन्सोर्सिओ दे कोम्पेन्सासिओन दे सेगुरोस ही सरकारी संस्था देते. मात्र घराचा चालू विमा असेल आणि त्याच्या हप्त्यात या संस्थेचा अधिभार भरलेला असेल तरच. २०२१ मध्ये ला पाल्मा बेटावर लाव्ह्याखाली गेलेल्या विमाधारकांच्या घरांना आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅलेन्सियाच्या पुरात बुडालेल्या घरांना याच संस्थेकडून पैसे मिळाले. छपरातून गळलेले पावसाचे पाणी मात्र तिच्या लेखी पूर ठरत नाही.

फ्रान्समध्ये १९८२ च्या कायद्याने घराच्या पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीचे संरक्षण जोडलेले आहे, पण त्या गावासाठी सरकारने आपत्ती जाहीर करणारा आदेश राजपत्रात काढल्यावरच ते लागू होते. घरांसाठी पहिले ३८० युरो मालकाने सोसायचे असतात, आणि दुष्काळाने चिकणमाती आकसून भिंतींना तडे गेले असतील तर १,५२० युरो. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर २००० साली डास्क हा सक्तीचा भूकंप विमा आला. मालमत्तेची नोंदणी करताना आणि वीज-पाण्याची जोडणी घेताना तो मागितला जातो. त्यात इमारत धरलेली असते, सामान नाही, आणि त्याला कमाल मर्यादा असल्यामुळे मोठ्या घराला वरचा विमा स्वतंत्र घ्यावा लागतो. न्यूझीलंडमध्ये घराची खासगी पॉलिसी असली की सरकारी नैसर्गिक आपत्ती आयोगाचे ३ लाख न्यूझीलंड डॉलर अधिक कर एवढ्या मर्यादेचे संरक्षण सोबत येते, आणि त्यापुढचे नुकसान खासगी कंपनी पाहते.

अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो. सरकारी पूर विमा योजनेत घरासाठी अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर ही कमाल मर्यादा आहे, आणि पॉलिसी घेतल्यापासून ती लागू होईपर्यंत सहसा ३० दिवस जावे लागतात; वादळाची बातमी ऐकून घेतलेल्या पॉलिसीचा उपयोग होत नाही. सुट्टीच्या घराच्या मालकाने येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: ही योजना मुख्य निवासाला नव्याने बांधण्याचा खर्च देऊ शकते, पण दुसऱ्या घराला घसारा वजा करूनच भरपाई देते, आणि दुसऱ्या घराकडून वार्षिक अधिभारही २५ डॉलरऐवजी २५० डॉलर घेते. फ्लोरिडात चक्रीवादळाची डिडक्टिबल रक्कम, म्हणजे नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा पहिला हिस्सा, विमा रकमेच्या टक्केवारीत असते. ४ लाख डॉलरच्या विम्यावर ५ टक्के म्हणजे पहिले २० हजार डॉलर मालकाचे, आणि पॉलिसी स्वस्त दिसण्याचे कारण कधी कधी एवढेच असते.

अर्ज, कागद आणि नावे

अर्जातल्या प्रश्नांची उत्तरे स्वतः तपासून सही करावी, विशेषतः ब्रोकरने अर्ज भरला असेल तेव्हा. मालक म्हणून मालकीच्या दस्तऐवजातलीच नावे हवीत: घर पती-पत्नीच्या किंवा भावंडांच्या संयुक्त नावावर असेल तर सर्वांची, आणि कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचे. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी वर्षानुवर्षे त्याच्याच नावाने चालू ठेवलेली आढळते. वारसांनी ती बदलून घेतली नाही तर दाव्याच्या वेळी वारसा सिद्ध होईपर्यंत पैसे अडकून राहतात. घरावर कर्ज असेल तर बँकेचे नाव पॉलिसीत लागते, आणि बँकेने सुचवलेली पॉलिसी बहुधा बँकेच्या कर्जापुरतीच असते, हेही पाहून घ्यावे. वापरात बदल झाला, बांधकाम सुरू केले किंवा घर विक्रीसाठी रिकामे केले, तर ते त्याच वेळी लेखी कळवावे.

नुकसान झाल्यावर

दूर असलेल्या मालकाला नुकसानीची बातमी उशिरा कळते, पण दावा नोंदवण्याची मुदत मात्र छोटी असते. स्पेनमध्ये नुकसान कळल्यापासून ७ दिवस, फ्रान्समध्ये कामाचे ५ दिवस आणि चोरीसाठी कामाचे २ दिवसच. फ्रान्समधल्या जाहीर नैसर्गिक आपत्तीसाठी राजपत्रातल्या आदेशापासून ३० दिवस. म्हणून घराजवळ राहणारा एक माणूस आधीच नेमून ठेवावा, त्याच्याकडे पॉलिसी क्रमांक, कंपनीचा दावा नोंदवण्याचा फोन आणि प्लंबर व इलेक्ट्रिशियनचे क्रमांक द्यावेत, आणि सर्व्हेअरला घर उघडून दाखवण्याचा अधिकार त्याला एका साध्या पत्राने द्यावा. सही करून तडजोड स्वीकारण्याचा अधिकार मात्र मुखत्यारपत्राशिवाय देऊ नये.

नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे: पाणी बंद करावे, फुटलेली खिडकी फळीने झाकावी, ओले गालिचे उचलून हवेत ठेवावेत, आणि या तातडीच्या कामांची बिले जपावीत. पण त्याआधी फोटो काढावेत, आणि फुटलेली नळी किंवा तुटलेले कुलूप फेकून देऊ नये. सर्व्हेअरला तोच भाग पाहायचा असतो. चोरी झाली असेल तर स्थानिक पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत घ्यावी, आणि तक्रारीतली वस्तूंची यादी व कंपनीला दिलेली यादी तंतोतंत सारखी असेल याची काळजी घ्यावी. दुरुस्तीचा अंदाज कंपनीच्या माणसाबरोबरच आपल्या निवडीच्या एका ठेकेदाराकडूनही घ्यावा, कारण पहिली देऊ केलेली रक्कम ही शेवटची असतेच असे नाही.

नूतनीकरण

अनेक देशांत पॉलिसी दरवर्षी आपोआप पुढे चालू राहते आणि हप्ता तेथील बँक खात्यातून वळता होतो. वर्षात दोनदाच वापरले जाणारे ते खाते शिल्लक संपल्याने किंवा निष्क्रिय ठरल्याने हप्ता परत पाठवते, स्मरणपत्र बंद घराच्या टपालपेटीत पडते, आणि मालकाला त्यातले काही कळत नाही. स्पेनमध्ये नूतनीकरणाचा हप्ता थकला तर देय तारखेनंतर एका महिन्याने संरक्षण थांबते. म्हणून पत्रव्यवहाराचा पत्ता राहत्या घराचा द्यावा, सूचना ई-मेलनेही मागाव्यात आणि त्या खात्यात वर्षभराच्या हप्त्याएवढी शिल्लक नेहमी ठेवावी. कंपनी बदलायची असेल तर स्पेनमध्ये मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी लेखी कळवावे लागते. फ्रान्समध्ये पहिले वर्ष उलटल्यावर एका महिन्याच्या सूचनेने केव्हाही बाहेर पडता येते. दोन्हीकडे नवी पॉलिसी कोणत्या तारखेपासून लागू झाली याची लेखी पोच हातात आल्याशिवाय जुनी रद्द करू नये, कारण बंद घराचा प्रस्ताव तपासायला नव्या कंपन्या वेळ घेतात आणि मधल्या दिवसांचे नुकसान दोन्हींपैकी कोणीच भरून देत नाही.